विनोबा, गागोदे आणि माझे कान

आपल्या सोसायटीला पंचवीस वर्षे पूर्ण होत आहेत. स्मरणिकेसाठी एखाद्या थोर व्यक्तीचे चरित्र लिहून द्या, असे संपादक मंडळाने सांगितले आणि मी लगेच विनोबा भाव्यांचे नाव दिले. विनोबा आपल्याच जिल्ह्यातले, पेण तालुक्यातल्या गागोद्याचे. अलिबागहून सकाळी निघालो तर जेवायच्या वेळेला घरी परत येता येईल, इतके जवळ. पण खरे कारण वेगळे आहे. मला आपल्या सेक्रेटरींची आणि वॉचमनची जाहीर माफी मागायची आहे, आणि ती गोष्ट विनोबांशिवाय सांगता येत नाही.

गेल्या वर्षी गणपती गेल्यानंतरची गोष्ट. रात्री दोनच्या सुमाराला मला जाग आली. बारीक, एकसुरी आवाज येत होता. मला वाटलं, पाण्याचा पंप चालू राहिला. खाली जाऊन वॉचमनला उठवलं. तो म्हणाला, काका, पंप बंद आहे. मी ऐकलं नाही. दुसऱ्या रात्री तेच. चौथ्या दिवशी सेक्रेटरींना लेखी तक्रार दिली, बँकेतल्या सवयीप्रमाणे तारीख-वार, वेळेसकट. बिचाऱ्यांनी मेकॅनिक बोलावला, पंपाखाली रबर बसवलं. आवाज होताच. मग एक दिवस आम्ही दोघं काशिदला गेलो, समुद्रावर बसलो, आणि तिथेही पंप चालू! तेव्हा सौ. म्हणाली, अहो, पंप तुमच्या कानात आहे.

कानाच्या डॉक्टरांनी तपासलं, मळ नाही ना पाहिलं, बंद खोलीत हेडफोन लावून श्रवणचाचणी घेतली. वयामुळे वरच्या पट्टीचे आवाज मला कमी ऐकू येतात, असं निघालं. त्यांनी समजावलं ते असं : आतल्या कानात शंखासारखा एक भाग असतो, त्यात सूक्ष्म केसांच्या पेशी असतात. त्या झिजल्या की मेंदूकडे जाणारे आवाज कमी होतात. मग मेंदू आपल्याकडून आवाज वाढवून बघतो, रेडिओचं स्टेशन लागेना की आपण बटण पिळतो तसं, आणि खरखर ऐकू येते. ही खात्रीने घालवणारी गोळी नाही. सवय होते, पण वेळ लागतो.

सवय होईपर्यंत माझे फार हाल झाले. झोप गेली. नातवावर ओरडलो. सोसायटीच्या मीटिंगला येणं बंद केलं, कारण चार माणसं एकदम बोलली की मला काही कळेना. दिवसभर एकच उद्योग, आवाज वाढला की कमी झाला ते बघत बसायचं. त्याच दिवसांत वेळ घालवायला कपाटातलं विनोबांचं चरित्र काढलं. पेणच्या शाखेत असताना पीककर्जाच्या पाहणीसाठी गागोद्याच्या बाजूला जाणं व्हायचं, तेव्हा घेतलेलं, आणि न वाचलेलं.

विनायक नरहर भावे यांचा जन्म 11 सप्टेंबर 1895 चा. तेव्हा आपला जिल्हा कुलाबा होता. रायगड हे नाव 1981 मध्ये आले. वडील नोकरीनिमित्त बडोद्याला असत. विनायकाचे बालपण गागोद्याला आई रखुमाबाई आणि आजोबा शंभुराव यांच्याजवळ गेले. आजोबा मोठे व्रतस्थ. चांद्रायण करीत, म्हणजे चंद्राच्या कलेप्रमाणे रोजचे घास वाढवायचे आणि कमी करायचे. चंद्र उगवला की मध्यरात्रीसुद्धा पूजा होई, आणि झोपलेल्या नातवाला उठवून प्रसाद दिला जाई.

या आजोबांची एक गोष्ट विनोबा पुढे सांगत असत. एकदा पूजा चालू असताना देवाच्या मूर्तीवर विंचू येऊन बसला. घरात आरडाओरडा झाला, कोणी मारायला धावले. आजोबांनी सगळ्यांना थांबवले. विंचू देवाला शरण आला आहे, त्याला कोणी हात लावायचा नाही, असे सांगून त्यांनी गंध, फूल, नैवेद्य सगळे नेहमीसारखे केले. थोड्या वेळाने विंचू उतरून आपल्या वाटेने निघून गेला. हे वाचलं त्या रात्री मी पुस्तक मिटून बराच वेळ बसून होतो. त्याचं कारण पुढे सांगतो.

नऊ-दहा वर्षांचा झाल्यावर विनायक बडोद्याला गेला. गणितात हुशार, फिरण्याचा नाद. एक दिवस त्याने शाळेचे दाखले आईच्या चुलीत घातले. आपल्याला नोकरी करायची नाही, मग ते ठेवायचे कशाला, हा हिशेब. (आमच्या बँकेत असा उमेदवार आला असता तर काय केलं असतं, कोण जाणे!) 25 मार्च 1916 रोजी इंटरच्या परीक्षेसाठी म्हणून मुंबईच्या गाडीत बसला, वाटेत सुरतेला उतरला आणि काशीला निघून गेला. तिथे गांधीजींचे काशीतले गाजलेले भाषण वर्तमानपत्रात वाचले, त्यांना पत्रे लिहिली, आणि 7 जून 1916 ला अहमदाबादजवळच्या कोचरब आश्रमात दाखल झाला. पुढच्या वर्षी वाईला संस्कृत शिकण्यासाठी आणि प्रकृतीसाठी वर्षभराची रजा घेतली, आणि वर्ष संपले त्याच दिवशी आश्रमात हजर झाला. मी चौतीस वर्षे रजेचे अर्ज पाहिले, असा माणूस पाहिला नाही.

1921 मध्ये ते वर्ध्याच्या आश्रमाची जबाबदारी घेऊन आले. गीता सोप्या मराठीत वाचायला मिळावी ही आईची इच्छा होती. ती 1918 च्या साथीत गेली. तिची ती इच्छा 1931 मध्ये पुरी झाली आणि गीताई घरोघर पोचली. पुढच्याच वर्षी धुळ्याच्या तुरुंगात त्यांनी दर रविवारी कैद्यांपुढे गीतेवर प्रवचने दिली. ती लिहून घेतली साने गुरुजींनी. कोकणातलेच हे दोघे, एक गागोद्याचा, एक पालगडचा, खानदेशच्या तुरुंगात भेटले.

आता 1938 कडे येतो. विनोबांची प्रकृती तेव्हा साफ ढासळली होती. अंगावर मांस राहिले नव्हते. गांधीजींनी डॉक्टरांना दाखवा, हवापालट करा, असा आग्रह धरला. विनोबांनी थंड हवेचे ठिकाण निवडले नाही. वर्ध्याजवळ पवनार गावी धाम नदीच्या काठी टेकाडावर जमनालाल बजाजांचा बंगला होता, तिथे ते गेले. नदीवरचा पूल ओलांडताना त्यांनी तीनदा मनाशी म्हटले की आश्रमाची, कामाची, सगळी काळजी मी सोडली. आणि खरोखर सोडली. प्रकृतीचीही काळजी करत बसले नाहीत. रोज थोडी खोदाई करायची, पहिल्या दिवशी अगदी काही मिनिटे, मग हळूहळू वाढवत न्यायची. बाकी वेळ मन रिकामे. वजन वाढले, माणूस उभा राहिला. त्याच जमिनीत खोदताना भरत-रामाच्या भेटीचे जुने शिल्प सापडले. ते आज पवनारच्या आश्रमात आहे.

पुढचा इतिहास सगळ्यांना माहीत आहे. 1940 च्या वैयक्तिक सत्याग्रहात गांधीजींनी पहिले सत्याग्रही म्हणून त्यांना निवडले. 18 एप्रिल 1951 रोजी तेलंगणातल्या पोचमपल्लीत भूमिहीन हरिजनांनी ऐंशी एकर जमीन मागितली, आणि रामचंद्र रेड्डींनी उभ्या उभ्या शंभर एकर दिली. तिथून भूदानाची पदयात्रा सुरू झाली ती तेरा वर्षे चालली. पहाटे तीनला उठायचे आणि अंधारातच चालायला लागायचे. 1960 मध्ये चंबळच्या डाकूंनी त्यांच्यापुढे शस्त्रे ठेवली. भूदानात चाळीस लाखांहून जास्त एकर जमीन मिळाली. मात्र बँकवाला म्हणून सांगितले पाहिजे की कागदावरची रक्कम वेगळी आणि वसुली वेगळी. त्यातली बरीच जमीन खडकाळ, वादातली निघाली, बरीच कधी वाटलीच गेली नाही. तरीही कायदा न दाखवता, बंदूक न दाखवता एवढी जमीन मागून मिळवणारा दुसरा माणूस मला माहीत नाही.

आणि आता कान. उतारवयात विनोबांना ऐकू येणे फार कमी झाले. ज्याने आयुष्यभर गावोगाव माणसांचे गाऱ्हाणे ऐकले, त्याच्या कानांचेच असे झाले. पवनारला भेटायला येणारे लोक प्रश्न कागदावर लिहून देत आणि विनोबा उत्तरे देत. मोठमोठे पुढारी येत, तेही चिठ्ठी लिहीत. त्यांनी ऐकू येत नाही म्हणून लोकांना टाळले नाही आणि ऐकू आल्याचे सोंगही केले नाही. मी तेच करत होतो. मीटिंगला दोनदा नुसती मान डोलावली, आणि घरी आल्यावर कळलं की पार्किंगच्या ठरावाला मी होकार देऊन आलो.

एक गोष्ट मात्र मला तेव्हाही पटली नव्हती, आजही पूर्ण पटत नाही. 25 डिसेंबर 1974 पासून त्यांनी वर्षभराचे मौन घेतले. मध्येच, जून 1975 मध्ये, आणीबाणी आली. मौनात लिहून दाखवलेल्या त्यांच्या दोन शब्दांचा अर्थ आणीबाणीला पाठिंबा असा लावला गेला आणि सगळीकडे छापून आला. जुने सहकारी तुरुंगात होते, त्यांना किती लागलं असेल! विनोबांनी पुढे आपला अर्थ वेगळा असल्याचे सांगितले. मी तेव्हा नुकताच बँकेत लागलेला, मला राग आला होता. आता एवढंच म्हणतो की चिठ्ठीवरचे दोन शब्द वाचणारा आपल्याला हवे तसे वाचतो. ज्यांच्या घरी कमी ऐकू येणारं माणूस आहे त्यांनी हे ध्यानात ठेवावं आणि नीट विचारून घ्यावं.

नोव्हेंबर 1982 मध्ये ते आजारी पडले. अन्न, पाणी, औषध सोडले आणि 15 नोव्हेंबरला, ऐन दिवाळीत, पवनारला देह ठेवला. पुढच्या वर्षी भारतरत्न मिळाले.

आता माझे राहिलेले सांगतो. विनोबांच्या कानात आवाज होता असं माझं म्हणणं नाही. तसा तो बीथोव्हेन या जर्मन संगीतकाराच्या कानात होता. तिसाव्या वर्षी त्याने मित्राला पत्र लिहून कळवलं होतं की कान रात्रंदिवस गुणगुणतात. पण माझा विंचू उतरवायला गागोद्याचे आजोबा उपयोगी पडले. मी रोज विंचवाला मारायला धावत होतो. पूजा राहूनच जात होती. मग पवनारची खोदाई आठवून ठरवलं, रोज सकाळी दहा मिनिटं गच्चीवरच्या कुंड्यांचं काम करायचं, त्या वेळात आवाज मोजायचा नाही. दहाची वीस, वीसची चाळीस मिनिटं झाली. रात्री खोलीत अगदी शांतता ठेवत नाही, पंखा चालू असतो किंवा रेडिओ बारीक. डॉक्टरांच्या सांगण्यावरून कानाचं यंत्र घेतलं. बाहेरचे आवाज नीट यायला लागले तसा आतला मागे पडला. आवाज गेलेला नाही. पण दुपार झाली तरी त्याची आठवण झाली नाही, असे दिवस आता येतात.

सोसायटीतल्या माझ्या वयाच्या मंडळींना दोन गोष्टी सांगतो. कानात काड्या घालू नका. आणि आवाज एकाच कानात असेल, नाडीच्या ठोक्याबरोबर येत असेल, चक्कर येत असेल, किंवा एकदम ऐकू येईनासं झालं असेल, तर सवयीची वाट बघू नका. त्याच दिवशी, फार तर दुसऱ्या दिवशी कानाच्या डॉक्टरांकडे जा. तिथे उशीर महागात पडतो. बाकीच्यांना एकच विनंती, आमच्याशी समोर येऊन, तोंड दिसेल असं बोला. ओरडायची गरज नाही.

सेक्रेटरीसाहेब, तुमची ती लेखी तक्रार मी मागे घेतो. पंपाखालच्या रबराचा खर्च माझ्या मेंटेनन्सच्या बिलात लावावा. आणि वॉचमनदादा, रात्री दोन वाजता तुम्हाला चार वेळा उठवलं, त्याबद्दल माफ करा. परवा पुन्हा जाग आली होती. मी उठून बसलो, तेव्हा सौ. झोपेतच म्हणाली, बंद आहे हो. मी परत आडवा झालो.