हुकूमशहाला झोंबलेली कादंबरी

हैतीच्या परराष्ट्र खात्याने १९६८ साली एक गुळगुळीत पुस्तिका छापून जगभर वाटली. तिच्यात देशाच्या प्रगतीचे गोडवे नव्हते. एक इंग्रज कादंबरीकार हा हेर, व्यसनी आणि छळवादी असल्याचे पटवून देण्याचा तो खटाटोप होता. हे कादंबरीकार म्हणजे ग्रॅहम ग्रीन. कॅरिबियन बेटांच्या राजकारणात सापडलेल्या परक्या माणसांची कहाणी त्यांच्याइतक्या समर्थपणे फार थोड्या लेखकांनी सांगितली.

ग्रीन यांचा जन्म २ ऑक्टोबर १९०४ रोजी इंग्लंडमधील बर्कमस्टेड येथे झाला. ज्या शाळेत ते शिकले, तिचे मुख्याध्यापक त्यांचे वडीलच होते. साहजिकच वडिलांशी इमान राखावे की सवंगड्यांशी, हा पेच लहानपणीच त्यांच्या वाट्याला आला आणि पुढे तोच त्यांच्या साहित्याचा गाभा ठरला. ऑक्सफर्डमधील शिक्षणानंतर त्यांनी लंडनच्या ‘द टाइम्स’मध्ये उपसंपादकाची नोकरी केली. १९२६ साली त्यांनी कॅथलिक पंथ स्वीकारला. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात ते पश्चिम आफ्रिकेतील फ्रीटाऊन येथे ब्रिटिश गुप्तहेर खात्याचे काम पाहत होते. हेरगिरीतील पोकळपणा त्यांनी तेव्हा जवळून पाहिला.

हाच अनुभव ‘अवर मॅन इन हवाना’ या १९५८ सालच्या कादंबरीत विनोदाचे रूप घेऊन आला. क्युबात व्हॅक्यूम क्लीनर विकणारा वर्मोल्ड हा इंग्रज केवळ मुलीच्या हौसेमौजेसाठी हेर बनतो आणि आपल्या यंत्राच्या सुट्या भागांची चित्रे गुप्त लष्करी तळाचे आराखडे म्हणून लंडनला धाडतो. त्याच्या थापांवर वरिष्ठ विश्वास ठेवतात, पण त्यापायी खऱ्या माणसांचे खरे जीव जातात. पुस्तक प्रसिद्ध झाल्यावर काही महिन्यांतच, १ जानेवारी १९५९ रोजी, बातिस्ताची राजवट कोसळली. या राजवटीचे क्रौर्य कादंबरीत सौम्यपणे रंगवले गेल्याची नाराजी क्रांतिकारकांनी व्यक्त केली आणि ग्रीन यांनाही त्यात तथ्य वाटले.

हैतीबाबत त्यांनी हे घडू दिले नाही. १९५४ साली त्यांनी हा देश प्रथम पाहिला, तेव्हा तेथे कलावंतांची आणि पर्यटकांची वर्दळ होती. १९५७ साली फ्रान्स्वा दुव्हालिए ऊर्फ ‘पापा डॉक’ सत्तेवर आला. व्यवसायाने डॉक्टर असलेल्या या माणसाने ‘तोंतों माकूत’ या खासगी सशस्त्र दलाच्या बळावर विरोधकांचा काटा काढला आणि १९६४ साली स्वतःला तहहयात अध्यक्ष घोषित केले. १९६३ साली ग्रीन पुन्हा तेथे गेले, तेव्हा हॉटेले ओस पडली होती आणि माणसे कुजबुजतही बोलायला धजावत नव्हती. त्यानंतर त्यांनी शेजारच्या डॉमिनिकन प्रजासत्ताकातून सीमेलगत प्रवास करून परागंदा झालेल्या बंडखोरांची स्थिती पाहिली.

१९६६ साली ‘द कॉमेडियन्स’ प्रसिद्ध झाली. ब्राऊन, स्मिथ आणि जोन्स हे तीन परदेशी एकाच बोटीतून हैतीला येतात. ब्राऊनचे तेथे रिकामे हॉटेल आहे, स्मिथ हा शाकाहाराचा प्रचार करणारा भाबडा अमेरिकन, तर जोन्स युद्धातल्या पराक्रमाच्या बढाया मारणारा भामटा. पाहुणा राहून तमाशा पाहता येईल, हा त्यांचा समज तेथील दहशत खोटा ठरवते. अखेर बढाईखोर जोन्सच बंडखोरांबरोबर लढताना मरतो आणि कशावरच श्रद्धा नसलेला ब्राऊन सीमेपलीकडे जाऊन प्रेतांच्या अंत्यविधीचा धंदा पत्करतो.

कादंबरीवरील चित्रपट १९६७ साली आला. हैतीत चित्रीकरण अशक्य असल्याने ते आफ्रिकेतील दाहोमे, म्हणजे आजच्या बेनिनमध्ये झाले. दुव्हालिएने फ्रान्समध्ये दावा लावला. न्यायालयाने त्याला अवघ्या एका फ्रँकची भरपाई दिली. सरकारी पुस्तिकेतील शिव्याशापांना ग्रीन यांनी आपला सन्मानच मानले.

भारताशीही त्यांचे नाते होते. आर. के. नारायण यांच्या ‘स्वामी अँड फ्रेंड्स’ला १९३५ साली प्रकाशक मिळाला तो ग्रीन यांच्यामुळे. मुक्तीनंतरच्या गोव्याला त्यांनी भेट दिली आणि त्यावर लेखही लिहिला. गोव्याच्या लेखिका मारिया अरोरा कुटो यांनी १९८८ साली त्यांच्या साहित्यावर समीक्षाग्रंथ लिहिला.

ग्रीन यांच्यावर टीकाही झाली. स्वतःच्या संसारात निष्ठा त्यांना जमली नाही, तर पनामाचे लष्करी शासक ओमार तोरिहोस यांच्याशी असलेली मैत्री अनेकांना रुचली नाही. नोबेल पारितोषिकाने त्यांना अखेरपर्यंत हुलकावणी दिली. ३ एप्रिल १९९१ रोजी स्वित्झर्लंडमध्ये त्यांचे निधन झाले.

दुव्हालिए घराण्याची सत्ता १९८६ साली संपली, पण हैतीचे भोग संपले नाहीत. ब्राऊनच्या हॉटेलसाठी ज्याचा नमुना त्यांनी घेतला, ते पोर्ट-ओ-प्रिन्समधील ‘ओलोफसन’ जुलै २०२५ मध्ये टोळीयुद्धाच्या आगीत भस्मसात झाले. जुलमाच्या देशात आलेल्या परक्याला कुठवर नुसते पाहत राहता येते, हा त्या हॉटेलात मांडलेला प्रश्न मात्र कादंबरीत शाबूत आहे.