फोनच्या आधीचा 'मोबाईल': शिल्पाला हवेवर डोलायला लावणारा इंजिनीअर

हा लेख तुम्ही बहुतेक मोबाईलवरच वाचत असाल. पण फोन खिशात येण्याच्या कितीतरी आधी, 1931 मध्ये 'मोबाईल' हे नाव एका शिल्पप्रकाराला मिळालं होतं. तो घडवणारे अलेक्झांडर कॅल्डर शिक्षणाने मेकॅनिकल इंजिनीअर होते.

1898 मध्ये अमेरिकेत जन्मलेल्या कॅल्डर यांच्या घरातच शिल्पकला होती. फिलाडेल्फियाच्या सिटी हॉलवरचा विल्यम पेन यांचा 37 फुटी पुतळा आजोबांनी घडवलेला. वडीलही शिल्पकार, आई चित्रकार. तरी कॅल्डर यांनी इंजिनीअरिंग निवडलं आणि 1919 मध्ये पदवी घेतली.

नोकऱ्यांत मात्र मन रमेना. 1922 मध्ये ते एका जहाजाच्या बॉयलर रूममध्ये कामाला होते. ग्वाटेमालाजवळ एका पहाटे डेकवर जाग आली, तेव्हा एका बाजूला सूर्य उगवत होता आणि दुसऱ्या बाजूला चंद्र मावळत होता. ते दृश्य आयुष्यभर त्यांच्यासोबत राहिलं. पुढच्याच वर्षी त्यांनी कलेचं शिक्षण सुरू केलं.

1930 मध्ये पॅरिसला चित्रकार मोंद्रियान यांच्या स्टुडिओत भिंतीवरचे रंगीत चौकोन पाहून, हे हलले तर, असा विचार त्यांच्या मनात आला. मोंद्रियान यांना तो पटला नाही. कॅल्डर मात्र कामाला लागले.

हे शिल्प हलतं कसं?

सुरुवातीच्या काही शिल्पांना मोटर होती. पण मोटर तीच ती हालचाल करते, म्हणून त्यांनी काम हवेवर सोपवलं. तारेच्या दोन टोकांना पत्रे लावायचे, तोल सापडेल तिथे ती टांगायची, मग ती तार वरच्या तारेला. जड पत्रा जवळ, हलका लांब. सी-सॉवर मोठा माणूस मधल्या बाजूला सरकतो, तसंच. मग नुसती झुळूकही पुरते.

या शिल्पांना 'मोबाईल' हे नाव कलाकार मार्सेल द्युशाँ यांनी दिलं.

अहमदाबादशी नातं

1955 मध्ये गिरा साराभाई यांच्या निमंत्रणावरून कॅल्डर अहमदाबादला आले आणि तिथे त्यांनी नऊ शिल्पं घडवली.

11 नोव्हेंबर 1976 रोजी न्यूयॉर्कमध्ये त्यांचं निधन झालं. काही आठवड्यांपूर्वीच तिथल्या व्हिटनी म्युझियममध्ये त्यांच्या आयुष्यभराच्या कामाचं प्रदर्शन सुरू झालं होतं.

आजोबांचा पुतळा अजूनही सिटी हॉलवर जागचा हललेला नाही. नातवाचं शिल्प मात्र तुम्ही शेजारून चालत गेलात तरी हलतं. आणि बाळाच्या पाळण्यावर गोल फिरणारं खेळणं आज दुकानात 'मोबाईल' याच नावानं मिळतं.