बरुच ब्लूमबर्ग : 'खानदानी' समजलेल्या आजाराचा उलगडा करणारे डॉक्टर

28 जुलैला जगभर हिपॅटायटिस दिवस पाळतात. ही तारीख डॉ. बरुच ब्लूमबर्ग यांच्या जन्मदिवसाची. आपल्या घरांत त्यांचं नाव फारसं कुणी ऐकलेलं नाही, त्यांची लस मात्र बहुतेक बाळांनी घेतलेली आहे.

1925 साली न्यूयॉर्कच्या ब्रुकलिनमध्ये एका यहुदी घरात ते जन्मले. लहानपणी यशिवात, म्हणजे आपल्या मदरशासारख्या शाळेत, हिब्रू ग्रंथ शिकले. पुढे नौदल, भौतिकशास्त्र, थोडं गणित, आणि शेवटी वडिलांच्या सांगण्यावरून डॉक्टरकी. वडील स्वतः वकील होते!

एकाच रोगाने कुणी आजारी पडतो, कुणी नाही, असं का? हा प्रश्न त्यांना सोडेना. म्हणून ते देशोदेशीच्या लोकांचं रक्त तपासू लागले. 1960 नंतरच्या दशकात ऑस्ट्रेलियातल्या एका आदिवासी माणसाच्या रक्तात त्यांना एक अनोळखी प्रथिन सापडलं. त्याला 'ऑस्ट्रेलिया अँटिजेन' म्हणू लागले. ते एकाच कुटुंबातल्या अनेकांत आढळायचं, त्यामुळे ब्लूमबर्गना आधी वाटलं, ही आईबापाकडून आलेली आनुवंशिक खूण असावी. मग एक पेशंट असा निघाला की पहिल्या तपासणीत ते प्रथिन नव्हतं, नंतरच्या तपासणीत होतं, आणि मधल्या काळात त्याच्या लिव्हरला सूज आली होती. जन्मजात खूण अशी मधेच कशी येईल? ते प्रथिन हिपॅटायटिस बीच्या विषाणूचं होतं.

आम्हाला त्यांच्या आयुष्यातली हीच गोष्ट सगळ्यात मोठी वाटते. आपल्याकडे आजही लोक म्हणतात, यांच्या खानदानातच लिव्हरचा आजार आहे. मग सुनेची रिपोर्ट पॉझिटिव्ह आली की तिच्यावर बोट. खरं तर तिला स्वतःलाही तो बहुधा जन्माच्या वेळी किंवा लहानपणीच लागलेला असतो. बाळंतपणात आईकडून लागण झालेल्या 10 पैकी सुमारे 9 बाळांत हा विषाणू कायमचा मुक्काम करतो. मोठेपणी लागला तर बहुतेकांचं शरीर त्याला हुसकावून लावतं.

1969 मध्ये ब्लूमबर्ग आणि त्यांचे सहकारी अर्विंग मिलमन यांनी लस बनवायची पद्धत काढली. 1976 ला नोबेल मिळालं. 1984 मध्ये तैवानने लागण असलेल्या आयांच्या बाळांपासून लसीकरण सुरू केलं आणि काही वर्षांत तिथल्या मुलांतला लिव्हरचा कॅन्सर कमी झाला.

गरोदरपणात HBsAg ही रक्ततपासणी करून घ्यावी, हे आमचं माताभगिनींना सांगणं. पहिला डोस बाळाला 24 तासांच्या आत हवा. कानात अजान देण्याची जशी घाई असते, तशीच या डोसची असू द्या. सरकारी दवाखान्यात तो मोफत मिळतो. आई पॉझिटिव्ह असेल तर बाळाला सोबत इम्युनोग्लोब्युलिनचं इंजेक्शनही देतात, काही आयांना गरोदरपणातच गोळ्या सुरू करतात. अंगावरचं दूध तोडायची गरज नाही. केवळ या आजारासाठी सिझरही लागत नाही.

म्हातारपणी ब्लूमबर्ग नासात दुसऱ्या ग्रहांवरच्या जीवसृष्टीच्या अभ्यासात रमले. 5 एप्रिल 2011 रोजी कॅलिफोर्नियात नासाच्याच केंद्रावर भाषण केल्यानंतर ते वारले. त्याच वर्षी त्यांची लस भारतात देशभरच्या लसीकरणात आली.