फायर डॅम्पर शोधायला गेलो आणि हम्फ्री डेव्ही भेटला

मी एका बिल्डिंगच्या कंट्रोल सिस्टिमचं सॉफ्टवेअर लिहीत होतो. त्यात एक शब्द सारखा यायचा, फायर डॅम्पर. म्हणजे एसीचा डक्ट भिंतीतून पलीकडे जातो तिथे बसवलेली लोखंडी झडप. आग लागली की साधारण ७२ अंश सेल्सिअसला तिची कडी वितळते, झडप बंद होते आणि आग डक्टमधून पुढे जात नाही. काही झडपांना मोटरही असते.

मोबाइलवर टाइप करताना शेवटचा 'र' राहिला आणि समोर आलं फायरडॅम्प, म्हणजे कोळशाच्या खाणीतला मिथेन वायू! तिथेच डेव्ही भेटला.

हम्फ्री डेव्ही १७७८ मध्ये इंग्लंडमधल्या पेन्झान्सला जन्मला. वडील लाकडावर कोरीवकाम करायचे. ते लवकर गेले आणि पोरगा एका सर्जनच्या हाताखाली लागला. कॉलेजात कधी शिकला नाही, तरी १८०७ मध्ये विजेच्या मदतीने त्याने पोटॅशियम आणि सोडियम वेगळे करून दाखवले.

१८१२ मध्ये फेलिंगच्या खाणीत स्फोट झाला. ९२ जण गेले, त्यात लहान मुलंही होती. खाणीत उजेडासाठी ज्योत लागायची आणि त्याच ज्योतीने वायू पेटायचा. १८१५ मध्ये डेव्हीने ज्योतीभोवती बारीक तारेची जाळी लावली. जाळीतून हवा जाते, पण तार उष्णता ओढून घेते, त्यामुळे बाहेरचा वायू पेटण्याइतका तापत नाही. वायू असला की ज्योत निळसर आणि उंच व्हायची, म्हणजे सेन्सरही झाला! त्याने पेटंट घेतलं नाही. जॉर्ज स्टीफन्सननेही त्याच वर्षी दिवा बनवला होता, त्यावरून मोठा वाद झाला.

पण स्फोट थांबले नाहीत. दिव्याच्या भरवशावर जास्त धोक्याच्या खाणींत काम सुरू झालं. जाळी गंजली, फाटली की दिवा निकामी. १८२९ मध्ये, पन्नाशीतच, डेव्ही जिनिव्हाला वारला.

हे वाचलं आणि मी साइटवर गेलो. एक झडप कुणीतरी तारेने बांधून उघडी ठेवली होती! माझ्या स्क्रीनवर मात्र ती हिरवी. कारण झडप उघडी आहे एवढंच मी तपासत होतो, ती बंद होते का हे नाही. आता माझा प्रोग्रॅम मोटरची प्रत्येक झडप ठरलेल्या दिवशी बंद करून बघतो. कडीवाल्या झडपा माणूस जाऊन तपासतो.