भास्कराचार्य आणि पाटणचा मठ

छत्रपती संभाजीनगर शहराच्या उस्मानपुरा भागात शासकीय अभियांत्रिकी महाविद्यालय आहे. अशा महाविद्यालयांतून आज संगणकाचे शास्त्र शिकविले जाते आणि यंत्राच्या ठिकाणी बुद्धी कशी निर्माण करावी, ह्याचाही विचार होतो. हे शास्त्र शिकणाऱ्याला प्रथम एक सवय लावून घ्यावी लागते. ती म्हणजे कठीण प्रश्न लहान लहान पायऱ्यांत मांडण्याची. ह्या कलेत निष्णात असलेले एक थोर गणिती साडेआठशे वर्षांपूर्वी सह्याद्रीच्या आश्रयाने होऊन गेले. त्यांचे नाव भास्कराचार्य.

भास्कराचार्यांचा जन्म शके १०३६, म्हणजे इ. स. १११४ मध्ये झाला. त्यांचे वडील महेश्वर हे विद्वान ज्योतिषी होते व तेच त्यांचे गुरू होते. वयाच्या अवघ्या छत्तिसाव्या वर्षी, इ. स. ११५० मध्ये, भास्कराचार्यांनी ‘सिद्धान्तशिरोमणी’ हा ग्रंथ रचिला. लीलावती, बीजगणित, ग्रहगणित व गोलाध्याय असे त्याचे चार भाग आहेत. ‘लीलावती’तील उदाहरणांत भुंगे, हंस, मोर आणि साप भेटतात, त्यामुळे रुक्ष आकडेमोडही गोड वाटते. ग्रंथ पद्यात असल्याने तो मुखोद्गत करणे सोपे जाई. परंतु केवळ पाठांतराने त्यांचे समाधान होत नसे. नियमांमागील कारणे समजावून सांगण्यासाठी त्यांनी स्वतःच ग्रंथावर टीका लिहिली.

त्यांच्या बीजगणितात ‘चक्रवाल’ नावाची रीत आहे. २ चा वर्ग ४. त्याची दुप्पट करून १ मिळविला की ९ येतात, आणि ९ हा ३ चा वर्ग आहे. दुपटीऐवजी ६१ पट करावयाची असेल तर कोणती संख्या घ्यावी? अशी सर्वांत लहान संख्या २२,६१,५३,९८० ही आहे! ती नुसत्या अंदाजाने कोणाला सापडावी? भास्कराचार्यांनी ती ह्या रीतीने काढून दाखविली. प्रथम जवळचा अंदाज घ्यावयाचा, किती चूक राहिली ते पाहावयाचे, त्या चुकीच्या आधाराने नवा अंदाज बांधावयाचा, आणि उत्तर मिळेपर्यंत चाकाप्रमाणे पुनः पुन्हा फिरावयाचे. ही रीत पूर्वसूरींनी चक्रवाल म्हणून सांगितली आहे, हेही त्यांनी प्रांजळपणे नमूद केले. हाच प्रश्न फर्मा ह्या फ्रेंच गणितज्ञाने युरोपातील विद्वानांना घातला तो १६५७ साली, म्हणजे पाचशे वर्षांनी.

भास्कराचार्यांच्या मनात विचार करणारे यंत्र नव्हते. तथापि आज यंत्राला शिकविताना चूक मोजून ती टप्प्याटप्प्याने कमी करीत जातात, हे पाहिले म्हणजे चक्रवालाची आठवण झाल्यावाचून राहत नाही.

परंतु ग्रंथ कितीही थोर असला, तरी शिकविणारा व शिकणारा नसेल तर तो मुका होतो. भास्कराचार्यांचा नातू चांगदेव हा देवगिरीच्या सिंघण यादवाचा राजज्योतिषी होता. त्याने आपल्या आजोबांच्या ग्रंथांच्या अध्यापनासाठी पाटण येथे मठ स्थापिला. संभाजीनगरहून कन्नडचा घाट उतरून चाळीसगावाकडे गेले म्हणजे डोंगराच्या पायथ्याशी हे पाटण लागते. इ. स. १२०७ मध्ये सोइदेव नावाच्या सामंताने ह्या मठाला देणगी दिली. ही हकीकत तेथील शिलालेखात कोरलेली असून एकोणिसाव्या शतकात डॉ. भाऊ दाजी लाड ह्यांनी तो लेख प्रकाशात आणिला. लेखाचा बराच भाग संस्कृतात आहे. पण शेवटी जुन्या मराठीत देणग्यांचा तपशील येतो. गावातील तेलाच्या घाण्यांवरूनही मठाला तेल मिळत असे.

मठ आज उरला नाही. मात्र भास्कराचार्यांची गणिते अजून सोडविली जातात. राजाने मान दिला, सामंताने दान दिले आणि तेल्यांनी आपल्या घाण्यातील तेल दिले. म्हणून ती विद्या पुढील पिढीच्या हाती पोहोचली. विद्या एकट्याच्या बुद्धीतून जन्मते, पण ती जगते अनेकांच्या आधाराने.