विश्लेषण : पंचवीस लाख पावले, तरी विस्थापन शून्य! नैनसिंग रावत यांनी तिबेट कसा मोजला?

एखादी व्यक्ती दोन वर्षे चालली आणि तिचे विस्थापन शून्य भरले, तर? पंडित नैनसिंग रावत यांच्याबाबत नेमके हेच घडले.

आजच्या उत्तराखंडातील मिलम गावात १८३० मध्ये जन्मलेले नैनसिंग शाळामास्तर होते. ‘पंडित’ ही ओळख त्यातूनच आली. तिबेट तेव्हा परक्यांना बंद होता, नकाशा मात्र ब्रिटिशांना हवा होता. व्यापारी घराण्यातल्या नैनसिंगांना तिबेटी भाषा येत होती. कॅप्टन माँटगोमेरी यांच्या योजनेनुसार त्यांना देहरादूनला एकसारखे पाऊल टाकण्याचा सराव देण्यात आला.

पावले कशी मोजली?

जपमाळेत १०८ मणी असतात. त्यांच्या माळेत १०० होते. शंभर पावलांना एक मणी. माळ पूर्ण झाली की दहा हजार पावले, म्हणजे सुमारे पाच मैल. नोंदी प्रार्थनाचक्रात लपवलेल्या. पकडले गेले असते तर जिवावर बेतले असते.

पण माळेने कळते ते फक्त अंतर, म्हणजे प्रत्यक्ष चाललेली वाट. घाटातली वाट नागमोडी. दहा मैल चालून माणूस सरळ रेषेत चारच मैल पुढे सरकलेला असू शकतो. आरंभबिंदूपासून अंतिम बिंदूपर्यंतची ही सरळ लांबी, दिशेसह, म्हणजे विस्थापन. म्हणून प्रत्येक वळणावर होकायंत्राने दिशा टिपायची आणि रात्री ताऱ्यांवरून अक्षांश काढून हिशेब पडताळायचा. पावलांना दिशेची जोड मिळाली, तेव्हाच नकाशा तयार झाला.

१८६५ मध्ये देहरादूनहून निघालेले नैनसिंग काठमांडूमार्गे जानेवारी १८६६ मध्ये ल्हासाला पोहोचले. पैसे संपले, तेव्हा तिथल्या नेपाळी दुकानदारांना हिशेब शिकवून त्यांनी दिवस काढले. ब्रह्मपुत्रेच्या, म्हणजे तिथल्या त्सांगपोच्या, काठाने मानसरोवराकडून ते त्याच वर्षी देहरादूनला परतले. मोजलेली वाट सुमारे १,२०० मैल. आरंभ आणि शेवट एकच, म्हणून विस्थापन शून्य.

१८७४ ची मोहीम वेगळी. लेहहून ल्हासामार्गे ते मार्च १८७५ मध्ये आसामातील उदलगुरीला उतरले. विस्थापन आग्नेयेकडे सुमारे १,६०० किलोमीटर; वाट अर्थातच बरीच लांब. या खडतर प्रवासांनी दृष्टी अधू झाली आणि त्यांनी नव्या पंडितांना शिकवण्याचे काम घेतले. रॉयल जिऑग्राफिकल सोसायटीने १८७७ मध्ये त्यांना सुवर्णपदक दिले.