शिलालेख उघडा, औषध बंद

सरकारी रुग्णालयाच्या बाह्यरुग्ण विभागात एक प्रसंग वरचेवर घडतो. रुग्ण समोर बसतो. आधी काय औषध घेतले, असे विचारले की शर्टाच्या खिशातून एक पुडी निघते. तांबूस भुकटी, ना नाव, ना घटक. कोणी दिली, तर गावातल्या कुणीतरी. यात काय आहे, तर ते सांगत नाहीत. सांगितले की गुण जातो म्हणे. मागे असाच एक शेतकरी आला होता. पुऱ्या बाह्यांचा सदरा, वैशाखातही बटणे लावलेली. कोपराच्या वर फिकट चट्टा होता. टाचणी टोचली तरी त्याला कळली नाही. दीड वर्ष पुडी सुरू होती आणि त्या दीड वर्षात करंगळी आत वळली होती. चट्टा औषधाने गेला. करंगळी पूर्ण सरळ झाली नाही.

औषध झाकून ठेवण्याची ही सवय अडाण्यांची, असे आपण म्हणून टाकतो. तसे नाही. मुंबई इलाख्यातला एकोणिसाव्या शतकातला एक अतिशय बुद्धिमान डॉक्टर याच मोहात सापडला होता. डॉ. भाऊ दाजी लाड हे त्यांचे नाव. भायखळ्याच्या राणीच्या बागेतले संग्रहालय पाहिलेल्यांना ते पाटीवर वाचल्याचे आठवेल. आपल्या भागाशीही त्यांचा संबंध आहे. तो पुढे येईल.

त्यांचे मूळ नाव रामकृष्ण विठ्ठल लाड. जन्म १८२२ चा, गोव्यातील मांद्रे गावचा. घरची गरिबी. वडील कुटुंबासह मुंबईला आले. मुलगा बुद्धिबळात हुशार होता आणि या हुशारीमुळेच त्याला इंग्रजी शिक्षण मिळाले, असे त्यांच्या चरित्रात नेहमी सांगितले जाते. एल्फिन्स्टन संस्थेत ते शिकले आणि पुढे तिथेच शिकवू लागले. काठेवाड आणि कच्छमध्ये मुलींना जन्मतःच मारण्याची चाल होती. तिच्यावर त्यांनी लिहिलेल्या निबंधाला ६०० रुपयांचे बक्षीस मिळाले आणि तो १८४७ मध्ये छापला गेला. त्या काळी ही रक्कम मोठी होती.

१८४५ मध्ये मुंबईत ग्रँट मेडिकल कॉलेज सुरू झाले. शिक्षकाची नोकरी असलेला हा तरुण पुन्हा विद्यार्थी झाला. १८५१ मध्ये कॉलेजची पहिली तुकडी बाहेर पडली, तीत भाऊ दाजी होते. त्यांनी स्वतंत्र व्यवसाय सुरू केला आणि पाहता पाहता ते शहरातले नामांकित डॉक्टर झाले. धाकटे बंधू डॉ. नारायण दाजी यांच्यासह त्यांनी गरिबांसाठी मोफत दवाखाना चालवला. मुलींच्या शाळा, बाँबे असोसिएशनचे चिटणीसपद, संग्रहालयासाठी वर्गणी, आणि १८६९ व १८७१ अशी दोनदा मुंबईची शेरीफकी. एका माणसाने एवढे कधी केले असेल, असा प्रश्न पडावा अशी ही यादी आहे.

त्यांचे मन मात्र सर्वाधिक रमले जुन्या लेखांत. दगडावर, ताम्रपटावर कोरलेली अक्षरे वाचायची, त्यातून राजांचा आणि ग्रंथकारांचा काळ ठरवायचा. दिवसभर रुग्ण तपासून उरलेल्या वेळात ते हे काम करत. स्वतः हिंडायला वेळ अपुरा पडे, म्हणून जुनागढचे भगवानलाल इंद्रजी या तरुणाला त्यांनी हाताशी घेतले. भगवानलाल वर्षानुवर्षे देशभर फिरून लेखांच्या नकला आणत राहिले आणि पुढे स्वतःच्या नावाने मोठे संशोधक झाले.

आता आपल्या भागाकडे येऊ. बुलढाणा शहर अजिंठ्याच्या डोंगररांगेवर वसले आहे. लेण्यांना जायचे तर आपल्याला सकाळी निघून दुपारी परतता येते. तिथल्या शिलालेखांवर भाऊ दाजींनी १८६० च्या दशकाच्या आरंभी निबंध वाचला आणि तो मुंबईच्या एशियाटिक सोसायटीच्या नियतकालिकात छापला गेला. सोळाव्या लेण्यातला लेख वाकाटक राजांचा आहे. त्यांच्या वराहदेव नावाच्या मंत्र्याने ते लेणे कोरवून घेतले. म्हणजे आपल्या विदर्भाचाच इतिहास. चाळीसगावजवळ पाटणे येथे त्यांना आणखी एक लेख मिळाला. भास्कराचार्यांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी त्यांच्या नातवाने मठ स्थापल्याची नोंद त्यात आहे. आर्यभट, वराहमिहिर, ब्रह्मगुप्त आणि भास्कराचार्य यांचे काळ ठरवणारा भाऊ दाजींचा निबंध १८६५ मध्ये लंडनच्या रॉयल एशियाटिक सोसायटीने छापला.

या कामाची एक गोष्ट मला डॉक्टर म्हणून महत्त्वाची वाटते. अजिंठ्याचा लेख पावसापाण्याने झिजलेला होता आणि भाऊ दाजींच्या वाचनात चुका राहिल्या. पण त्यांनी मजकूर आणि त्याचा अर्थ दोन्ही छापून टाकले होते. त्यामुळे पुढे जर्मन पंडित ब्यूलर यांनी तो पुन्हा तपासला. मग १९३९ मध्ये आपल्या शेजारच्या वाशीमला वाकाटकांचा ताम्रपट सापडला आणि नागपूरच्या वा. वि. मिराशींनी त्याच्या आधारे अजिंठ्याच्या लेखातील राजांची काही नावे नव्याने वाचली. पाऊणशे वर्षांत तीन जणांनी एकच दगड वाचला आणि प्रत्येकाने आधीच्याची चूक सुधारली. यात कुणाचाही अपमान झाला नाही. भाऊ दाजींचे नाव त्या साखळीच्या आरंभी आजही घेतले जाते.

औषधाच्या बाबतीत त्यांनी नेमके उलटे केले.

त्या काळी कुष्ठरोगावर खात्रीचा उपाय नव्हता. रोगाचे जंतूसुद्धा माहीत नव्हते. नॉर्वेच्या हॅन्सेन यांना ते १८७३ मध्ये दिसले. भाऊ दाजींनी संस्कृत वैद्यकग्रंथ चाळले, त्यातली औषधे वापरून पाहिली आणि कुष्ठरोग्यांवर एक देशी औषध सुरू केले. गुण येतो अशी ख्याती झाली आणि लांबून रुग्ण येऊ लागले. पण औषध कोणते, हे त्यांनी वर्षानुवर्षे जाहीर केले नाही. ते कडू कवठाच्या जातीच्या झाडाच्या बियांचे तेल असावे, असे नंतरच्या औषधी वनस्पतींच्या अभ्यासकांनी नोंदवले. कोकणात आणि पश्चिम घाटात हे झाड मिळते. बंगालकडे त्याचाच भाऊबंद असलेल्या चालमोगऱ्याचे तेल १८५४ पासून वैद्यकीय लिखाणात येऊ लागले होते.

औषध गुप्त ठेवले तर बिघडले काय? कुष्ठरोग हा फसवा आजार आहे. काही रुग्णांत तो आपोआप मंदावतो, चट्टे फिके होतात आणि काही महिन्यांनी पुन्हा उसळतो. एका डॉक्टरच्या दहा रुग्णांना बरे वाटले, एवढ्यावरून औषधाचा गुण ठरत नाही. दुसऱ्या गावच्या दुसऱ्या डॉक्टरने तेच औषध, त्याच मात्रेत देऊन पाहावे लागते आणि न दिलेल्या रुग्णांशी तुलना करावी लागते. त्यासाठी पहिली गरज औषधाचे नाव कळण्याची. नाव झाकले की तपासणीचा रस्ताच बंद.

भाऊ दाजींचा हेतू पैशाचा होता, असे मला वाटत नाही. गरिबांना मोफत तपासणारा हा माणूस होता. मला वाटते, पुरती खात्री होईपर्यंत बोलू नये, हा त्यांचा विचार असावा. प्रत्येक संशोधकाला ही भीती असते. पण पुरत्या खात्रीची वाट पाहणाऱ्याकडे आयुष्य तेवढे असावे लागते.

याच काळात त्यांच्यावर आणखी दोन प्रसंग आले. १८६२ मध्ये मुंबईत महाराज लायबल खटला गाजला. पत्रकार करसनदास मुळजी यांनी एका वैष्णव धर्मगुरूच्या वर्तनावर लिहिले म्हणून त्यांच्यावर फिर्याद झाली होती. धर्मगुरूंच्या गुप्तरोगाबाबत कोर्टात डॉक्टरांच्या साक्षी झाल्या, त्यात भाऊ दाजी होते. समाजाचा रोष पत्करून दिलेली ती साक्ष धैर्याचीच म्हणावी लागेल. आजही डॉक्टरने रुग्णाचे गुपित फोडायचे नसते. न्यायाधीशांचा आदेश असेल तर मात्र सांगावे लागते. रुग्णाचे गुपित आणि औषधाचे गुपित या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पहिले रुग्णाच्या मालकीचे असते. दुसऱ्यावर मात्र सगळ्याच रुग्णांचा हक्क असतो.

दुसरा प्रसंग पैशाचा. १८६१ ते १८६५ अमेरिकेत यादवी युद्ध सुरू होते. तिथला कापूस बंद झाल्याने इंग्लंडच्या गिरण्या आपल्या कापसाकडे वळल्या. वऱ्हाडच्या काळ्या मातीतल्या कापसाला सोन्याचा भाव आला. खामगावची कापूस बाजारपेठ नावारूपाला आली, ती याच व्यापारावर. मुंबईत तर पैसा ओसंडून वाहू लागला. नव्या बँका आणि समुद्र हटवणाऱ्या कंपन्या निघाल्या. त्यांचे शेअर घेण्यासाठी वकील, डॉक्टर, व्यापारी सगळे धावले. त्यात भाऊ दाजीही होते. युद्ध संपले आणि जुलै १८६५ मध्ये सगळा डोलारा कोसळला. भाऊ दाजींची आयुष्याची कमाई त्यात गेली. दगडावरचे एक अक्षर पुन्हा पुन्हा पडताळणारा माणूस कागदी शेअरवर भाळला. एका विषयातली चिकित्सक बुद्धी दुसऱ्या विषयात आपोआप येत नाही, हे आम्हा डॉक्टरांनी आजही लक्षात ठेवावे असे आहे.

शेवटी पक्षाघाताने त्यांना अंथरुणाला खिळवले आणि ३१ मे १८७४ रोजी, पन्नाशी नुकतीच ओलांडलेली असताना, ते गेले. भगवानलाल त्यांच्यासाठी नेपाळात लेख शोधत होते. शोधनिबंध मागे उरले. ते १८८८ मध्ये एकत्र छापले गेले. कुष्ठरोगाच्या औषधाबद्दल इतरांना पडताळता येईल असे सविस्तर लिखाण मात्र झाले नाही.

तेलाचे पुढे काय झाले? विसाव्या शतकाच्या सुरुवातीला त्यातली आम्ले वेगळी करून टोचता येतील अशी रूपे तयार झाली. हवाईमध्ये ॲलिस बॉल या तरुण रसायनशास्त्रज्ञाने आणि कलकत्त्यात लिओनार्ड रॉजर्स यांनी हे काम केले. पोटातून घेतलेल्या तेलाने उलट्या होत, टोचले तर गाठी येत. तरी काही रुग्णांना फायदा होई. ही सगळी माहिती उघड होती, म्हणून तेलाच्या मर्यादाही कळल्या. १९४० च्या दशकात सल्फोन औषधे आल्यावर ते मागे पडले. १९८० च्या दशकापासून बहुविध औषधोपचार आहे. प्रत्येक पट्टीत कोणती गोळी आहे, ती किती मिलिग्रॅमची, हे छापलेले असते.

आता आपल्यापुरते. अंगावर फिकट किंवा लालसर चट्टा असेल आणि तिथे स्पर्श, ऊन-गार कळत नसेल, हातापायाला मुंग्या येत असतील, पकड कमजोर झाली असेल, तर प्राथमिक आरोग्य केंद्रात दाखवा. तपासणी आणि औषध मोफत आहे. आजाराच्या प्रकारानुसार सहा किंवा बारा महिने गोळ्या पुरतात. उपचार सुरू झाले की संसर्ग पसरण्याची भीती लवकरच संपते, त्यामुळे रुग्णाचे ताट-वाटी वेगळी करण्याचे कारण नाही. उशीर मात्र करू नका. मेलेली नस परत जिवंत करणारे औषध अजून नाही.

आणि कुणी पुडी दिली, तर यात काय आहे एवढे विचाराच. उत्तर मिळाले नाही तर ती पुडी घेऊन आमच्याकडे या. कोणी रागावणार नाही. त्या शेतकऱ्याच्या सहा महिन्यांच्या गोळ्या पूर्ण झाल्या आहेत. परवा तो आला, तेव्हा बाह्या कोपरापर्यंत दुमडलेल्या होत्या.